माझ्याकडे तर चालतंय!



आज जरा वेगळ्याच विषयावर लिहिते आहे. एक्सेलच्या शीटवर! आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला हे कुठून सुचलं, असं नेहमीच्या वाचकांना वाटेल. घरच्या वाचकांना तर नक्कीच वाटेल, कारण घरात काहीही बिघडलं की "मुलांना विचारा" म्हणणाऱ्यांत माझा नंबर पहिला असतो. पण हिशेब हा काही फक्त संगणकवाल्यांचा विषय नाही. सोसायटी, मंडळ, भिशी, शाळेचा माजी विद्यार्थी संघ, देवस्थान, कुठेही जा, आज सगळ्यांचा हिशेब कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या शीटमध्ये असतो. आणि ती शीट चालवणारे बहुतेक आपल्यासारखेच, हौसेने शिकलेले लोक असतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, एवढ्यावरून हिशेब त्याच्यापर्यंत पोचला असं मानू नये. विशेषतः एकाकडे विंडोज, दुसऱ्याकडे मॅक आणि तिसऱ्याकडे लिनक्स असेल तर मुळीच मानू नये. आणि ज्याने फाईल बनवली त्याने "माझ्याकडे तर चालतंय" असं म्हणून हात झटकू नयेत. हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की ते शाळेतल्या "बाई, वही घरी राहिली"च्या पंक्तीला बसवायला हरकत नाही.

आता हे सगळं आहे तरी काय, ते माझ्या वयाच्या मंडळींसाठी सांगते. जाणकारांनी हा भाग गाळून पुढे गेलं तरी चालेल.

शीटमध्ये आकडे दोन वाटांनी येतात. एक म्हणजे आपण हाताने भरलेले. दुसरे म्हणजे दुसरीकडून ओढून आणलेले. देणगीदारांची यादी एका वेगळ्या फाईलीत आहे, पावत्या एखाद्या डेटाबेसमध्ये आहेत, आणि आपल्या शीटने त्या तिथून उचलून बेरीज दाखवायची. या ओढून आणण्याला 'डेटा कनेक्शन' म्हणतात. (आपल्या मराठी ब्लॉगवाल्यांनी डेटाला 'विदा' हा छान शब्द रुळवला होता. पण बोलताना मीही डेटाच म्हणते, उगाच खोटं कशाला!) बटण दाबलं, म्हणजे 'रिफ्रेश' केलं, की शीट पुन्हा तिथे जाऊन ताजे आकडे आणते. सोय मोठी आहे. एकच आकडा चार ठिकाणी लिहायचा नाही, म्हणजे नकलताना होणाऱ्या चुका टळतात. ज्यांनी कधी हाताने निकालपत्रक केलं असेल त्यांना याची किंमत सांगायला नको.

पण हे कनेक्शन म्हणजे फाईलमध्ये नक्की काय साठवलेलं असतं? चार गोष्टी असतात. एक, माल कुठे आहे त्याचा पत्ता. दोन, तिथली भाषा समजणाऱ्या दुभाष्याचं नाव. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तीन, तिथे जाऊन काय विचारायचं तो प्रश्न. आणि चार, मागच्या खेपेला मिळालेलं उत्तर.

फाईल मेलने पाठवली की पत्ता जातो, प्रश्न जातो, दुभाष्याचं नाव जातं आणि जुनं उत्तरही जातं. दुभाष्या स्वतः मात्र जात नाही. ज्या घराचा पत्ता आहे ते घरही जात नाही. सगळी गोम इथे आहे.

पत्त्याचंच घ्या. विंडोजमध्ये पत्ता सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असा सुरू होतो आणि मध्ये उलट्या तिरप्या रेघा येतात. मॅक आणि लिनक्समध्ये ड्राइव्हला असं अक्षर नसतंच आणि रेघा सुलट्या असतात. म्हणजे इकडचा पत्ता तिकडे वाचताच येत नाही. पुण्याचा पत्ता गल्ली-घरनंबराने लिहिला आणि पोस्टमनच्या गावात घरांना नंबरच नाहीत, तर तो पत्र कुठे टाकणार? शिवाय मॅकवर या प्रोग्रॅमांना एका कुंपणात ठेवलेलं असतं. कुंपणाबाहेरची फाईल वाचायची तर मालकाची परवानगी घ्यावी लागते. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे, पण विंडोजवर बनवणाऱ्याला याची कल्पनाही नसते.

दुभाष्याचं प्रकरण त्याहून अवघड. निरनिराळ्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलता यावं म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी नावाची व्यवस्था आणली. कल्पना उत्तम. पण प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी दुभाष्या वेगळा बनवावा लागतो. विंडोजसाठी केलेला मॅकवर चालत नाही. इतकंच काय, खुद्द विंडोजवरसुद्धा ३२-बिटांचा दुभाष्या ६४-बिटांच्या एक्सेलला चालत नाही! अ‍ॅक्सेस हा मायक्रोसॉफ्टचा लहान संस्थांत खूप वापरला जाणारा डेटाबेस. तो मॅकसाठी कधी निघालाच नाही. पुढे 'पॉवर क्वेरी' नावाची ओढून आणण्याची नवी, हुशार सोय आली, ती २०१६ च्या विंडोज एक्सेलमध्ये अंगभूत झाली. मॅकवर मात्र ती नंतर, हप्त्याहप्त्याने आली, आणि अजूनही विंडोजवर जितक्या ठिकाणांहून माल आणता येतो तितक्या ठिकाणांहून मॅकवर आणता येत नाही. लिनक्सवर तर एक्सेल असं नाहीच. तिथे लिबरऑफिससारखे प्रोग्रॅम असतात. ते एक्सेलची फाईल बऱ्यापैकी उघडतात, पण त्यांची कनेक्शनची पद्धत निराळी.

गंमत म्हणजे एक्सेलचा जन्म मॅकवरचा! १९८५ साली ते पहिल्यांदा निघालं ते मॅकिंटॉशसाठी. विंडोजवर आलं १९८७ मध्ये. माहेर एकीकडे, आणि नांदतंय जास्त जोरात दुसरीकडे.

या दोन घरांतलं एक जुनं भांडण तर इतिहासाच्या शिक्षिकेला फारच आवडण्यासारखं आहे. संगणक तारीख ही तारीख म्हणून साठवत नाही, दिवसांची संख्या म्हणून साठवतो. मोजायला सुरुवात कुठून करायची? विंडोजच्या एक्सेलने १ जानेवारी १९०० पासून केली. मॅकच्या एक्सेलने १ जानेवारी १९०४ पासून. त्यात आणखी घोळ असा, की १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग गेला तरच ते लीप, हे आपण शाळेत शिकलो. पण लोटस १-२-३ या त्या काळच्या लोकप्रिय प्रोग्रॅमने १९०० ला लीप धरलं होतं, आणि त्याच्या फाईली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलनेही तेच धरलं. म्हणजे विंडोजच्या एक्सेलमध्ये आजही २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस सुखाने नांदतो आहे! या सगळ्याची गोळाबेरीज अशी, की दोन पद्धतींत १४६२ दिवसांचा फरक पडतो. चार वर्षं आणि एक दिवस. मॅकच्या एक्सेलने २०११ च्या आवृत्तीपासून नव्या फाईलींसाठी १९०० ची पद्धत घेतली. पण त्याआधीच्या फाईली कपाटांत, पेनड्राइव्हवर आहेतच. फाईल सबंध उघडली तर एक्सेल हे सांभाळून घेतं. तिच्यातला एखादा तुकडा उचलून दुसऱ्या पद्धतीच्या फाईलमध्ये चिकटवला, की एखाद्याचा जन्म चार वर्षं आणि एक दिवस इकडेतिकडे सरकू शकतो. ज्यांनी शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या एका जन्मतारखेपायी लोकांना कोर्टकचेऱ्या करताना पाहिलंय, त्यांना यात विनोद कमी दिसेल.

आणि मराठी? तिचा छळ तर आपण सगळ्यांनीच सोसलाय. युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलेली मराठी म्हणजे खरं तर इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा होता. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की मुखवटा गळून पडायचा. आता युनिकोड आहे, पण साध्या सीएसव्ही फाईलमध्ये ठेवलेली मराठी नुसती डबलक्लिक करून उघडली, तर एक्सेल तिला कधीकधी दुसरीच लिपी समजतं आणि नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग येते. तीच फाईल मॅकच्या किंवा लिनक्सच्या साध्या मजकूर-खिडकीत उघडा, मराठी स्वच्छ दिसते.

असो. यातलं बरंचसं मला भाच्याने समजावलं, काही मी वाचून घेतलं. पण एवढ्यावर मी लेख लिहिला नसता. यंत्रं एकमेकांशी जमवून घेत नाहीत ही काही नवी बातमी नाही. कनेक्शन तुटलं आणि शीट रिकामी दिसली, तर माणूस फोन करतो, विचारतो, काम अडतं पण चुकत नाही. माझी तक्रार चौथ्या गोष्टीबद्दल आहे, त्या जुन्या उत्तराबद्दल. कनेक्शन तुटलं तरी जुनं उत्तर त्या चौकटीत तसंच बसून राहतं. त्याच अक्षरांत, त्याच रंगात, ताज्या आकड्यासारखंच. फळ्यावरचं कालचं गणित कुणी पुसलं नाही आणि आजच्या वर्गाने तेच उतरवून घेतलं, तसं.

याचं एक उदाहरण माझ्या अगदी जवळचं आहे. प्रोग्रॅमची, कंपन्यांची आणि माणसांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण मुद्दा त्यांचा नाही.

आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक लहानसा निधी चालवला आहे. दहावी-बारावीनंतर पुढे शिकणाऱ्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांना दरवर्षी फीसाठी बारा-बारा हजार रुपये द्यायचे. खजिनदार माझा विद्यार्थी, आता स्वतः साठीच्या उंबरठ्यावर. देणग्यांच्या नोंदी त्याने एका डेटाबेसमध्ये ठेवल्या आणि शीट त्याला जोडली. काम इतकं नेटकं की वहीला लावलेल्या कव्हरची आठवण व्हावी. चिटणीस दुसऱ्या गावी, त्यांच्याकडे दुसऱ्या जातीचा संगणक. जूनच्या बैठकीआधी त्यांना फाईल गेली. त्यांनी उघडली, रिफ्रेश केलं, काहीतरी इंग्रजी सूचना आली. त्यांनी लगेच खजिनदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे तर चालतंय! आकडे दिसतायत ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "हो, दिसतायत."

दिसत होतेच. शिल्लक १,३८,४०० रुपये. अर्ज आले होते चौदा. बारा हजारांप्रमाणे अकरा जणांचे १,३२,००० होतात. बाराव्याला पैसे नाहीत. बैठकीत अकरा नावं नक्की झाली, तिघांना 'पुढच्या वर्षी पाहू' असं कळवलं गेलं. तीन आठवड्यांनी बँकेतून पासबुक भरून आलं, तेव्हा कळलं की शिल्लक १,८१,९०० आहे. एप्रिल-मे मध्ये ४३,५०० रुपये देणग्या आल्या होत्या. खजिनदाराच्या संगणकावर त्या दिसत होत्या. चिटणीसबाईंच्या संगणकावरची शीट मार्चअखेरच्या उत्तरावर थांबली होती. चौदाही मुलांना पैसे देऊन वर तेरा हजार नऊशे उरले असते.

उरलेल्या तिघांना आम्ही लगेच कळवलं. दोघांचं निभावलं. तिसरी मुलगी, नर्सिंगला प्रवेश मिळालेली, तिच्या फीची मुदत तोवर टळून गेली होती. वडिलांनी व्याजाने पैसे काढून फी भरली होती. आम्ही बारा हजार दिले, पण व्याज त्यांनीच भरलं. ती मुलगी शिकते आहे, चांगली शिकते आहे. तरी आधीच्या "नाही" च्या पत्रानंतर त्या घरात दोन-तीन आठवडे काय बोलणं झालं असेल, मुलीने शिकावं की नाही यावर कोण काय म्हणालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. अशा घरांत मुलीच्या शिक्षणाचा निर्णय बारा हजारांच्या काठावर उभा असतो. तिकडे ढकलायला फार जोर लागत नाही.

यात चूक कुणाची? मी खूप विचार केला आणि मला कुणाचीच सापडत नाही. खजिनदाराने हिशेब चोख ठेवला होता. चिटणीसबाईंनी रिफ्रेश केलं, अडलं तेव्हा विचारलं. समितीने समोरच्या आकड्यावर निर्णय घेतला. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं आणि तरी निकाल चुकला. इतिहास शिकवताना मी मुलांना सांगायची की जिथे सगळ्यांनी आपापलं काम नीट करूनही अनर्थ होतो, तिथे माणूस शोधू नका, नियम शोधा. तिथे एक नियम कमी पडलेला असतो.

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या निधीत होतं असं समजू नका. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, इंग्लंडमध्ये काय झालं पाहा. प्रयोगशाळा आपले निकाल साध्या मजकूर-फाईलींत पाठवत होत्या आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड ही सरकारी संस्था ते आपोआप एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलींत ओढून घेत होती. त्या जुन्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. नव्या प्रकारात दहा लाखांहून जास्त मावतात. मर्यादा संपली, उरलेल्या ओळी गळाल्या, आणि आरडाओरड झाली नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्याचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम लांबलं. तिथे तर तज्ज्ञांची फौज होती. तरी दुखणं तेच. एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी पूर्ण पोचला नाही, आणि न पोचल्याचं समोर दिसलं नाही.

यावर लोक मला तीन उपाय सांगतात. तिन्हींत तथ्य आहे, पण एकही पुरत नाही.

पहिला, सगळ्यांनी एकाच जातीचा संगणक घ्यावा. मोठ्या कंपनीत हे जमतं. पण फुकट काम करणाऱ्या मंडळातल्या माणसाला "आमच्या शीटसाठी तुझा लॅपटॉप बदल" असं कोण सांगणार? कुणाला मुलाने परदेशातून मॅक आणून दिलेला असतो, कुणी जुन्या संगणकावर फुकटचं लिनक्स घालून त्याला आणखी पाच वर्षं जगवलेलं असतं. हे सगळे आपलेच. नियम माणसांना सामावून घेणारा हवा. शाळेचा गणवेश एक असतो, पण त्यापायी आपण पोराला वर्गाबाहेर ठेवत नाही.

दुसरा उपाय भाचा सांगतो, "मावशी, सगळं गूगल शीट्सवर टाका, भांडणच मिटेल." बरंचसं मिटतं, हे मान्य. ब्राउझर सगळीकडे सारखाच चालतो, आणि आमच्या निधीतही आता बरंच काम तिथे होतं. पण तिथे दुसरा धागा येतो, खात्याचा. शीट कुणाच्या तरी नावावर असते. आमच्या वयात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. सलग दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. म्हणजे शीटचा मालक गेला आणि घरच्यांना पासवर्ड माहीत नसला, तर हिशेबही त्याच्यामागे जाऊ शकतो. पूर्वी खजिनदार गेला तर त्याच्या मुलाने येऊन वह्यांचं बोचकं देऊन जायचं, एवढी साधी रीत होती. ती रीत नव्या जगात कुणी बसवलेली नाही.

तिसरा उपाय सरकार आणि मानकं यांचा. याबद्दल मला विशेष आस्था आहे. फाईलचा साचा एका कंपनीच्या मालकीचा नसावा, तो सर्वांना खुला असावा, यासाठी जगभर मोठा वाद झाला. ओडीएफ हा खुला साचा २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल २००८ मध्ये झाला. त्या दुसऱ्याला भारताने विरोधी मत दिलं होतं. पुढे २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं. हे सगळं चांगलंच झालं. आज माझी फाईल लिबरऑफिसमध्ये उघडते यामागे त्या भांडणाचा वाटा आहे. पण खुला साचा काय वाचवतो? फाईल वाचवतो. फाईलबाहेर गेलेला धागा तो वाचवू शकत नाही. पत्ता ज्या घराचा आहे ते घर दुसऱ्याच्या संगणकातच असेल, तर पत्ता कितीही खुल्या भाषेत लिहा, पाहुणा दारातूनच परतणार.

म्हणून माझं म्हणणं असं, की यंत्रं जमवून घेतील तेव्हा घेतील, तोवर आपण हिशेबाची जुनी शिस्त नव्या शीटला लावावी. ती शिस्त आपल्याकडे आहे. पेढीवरच्या मुनीमजींना होती, शाळेतल्या क्लार्कला होती. आमच्या निधीत आम्ही खालचे नियम केले आहेत, ते तुमच्या उपयोगी पडले तर बघा.

एक. तारखेशिवाय आकडा नाही. रोजकीर्दीत "अखेर शिल्लक" लिहिताना तारीख असायचीच. शीटमध्ये शिल्लकेच्या शेजारच्या चौकटीत "अमुक तारखेपर्यंतच्या नोंदी धरून" हे आलंच पाहिजे, आणि ती तारीख शेवटच्या नोंदीवरून आपोआप यायला हवी. आमच्या त्या शीटवर '३१ मार्च' एवढे दोन शब्द असते, तर जूनमध्ये कुणीही विचारलं असतं, "अहो, पुढचे दोन महिने कुठे गेले?"

दोन. धागा एकाच ठिकाणी. कनेक्शन असलेली फाईल खजिनदाराच्या संगणकावरच राहील. बाकीच्यांना जाईल ती प्रत नुसत्या आकड्यांची, म्हणजे 'व्हॅल्यूज' म्हणून चिकटवलेली. त्या प्रतीत रिफ्रेशचं बटण दाबण्याजोगं काही नसतं, त्यामुळे ती ताजी असल्याचा आव आणत नाही.

तीन. तारीख लिहायची ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२४-०६-०५. आंतरराष्ट्रीय मानक तसंच आहे. नाहीतर ०५/०६ हे आपल्याकडे पाच जून आणि अमेरिकेतल्या भाचीकडे सहा मे होतं, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर!

चार. वर्षातून एकदा, ३१ मार्चनंतर, सगळ्या नोंदी साध्या सीएसव्ही फाईलमध्ये, युनिकोड मराठीत उतरवून तिघांकडे ठेवायच्या. आणि एक छापील प्रत, दोन सह्यांची. हसू नका. कागदाला ड्रायव्हर लागत नाही.

पाच. बैठकीत आकडा घेण्याआधी तो पासबुकाशी ताडायचा. दोन स्वतंत्र ठिकाणचे आकडे जुळले, तरच तो हिशेब.

"एवढं सगळं करायचं तर मग संगणक कशाला?" असं आमच्या एका सभासदाने विचारलं. प्रश्न वाजवी आहे. माझं उत्तर असं, की संगणक बेरीज करतो, शोधून देतो, चार प्रती क्षणात पाठवतो. जबाबदारी मात्र घेत नाही. ती सही करणाऱ्याचीच राहते. आणि खरं सांगायचं तर पाचही नियमांना मिळून वर्षाकाठी एक दुपार लागते. एका मुलीच्या घरातल्या त्या आठवड्यांपुढे एक दुपार म्हणजे काहीच नाही.

इतिहासाची शिक्षिका म्हणून शेवटी एकच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. कागद टिकले, शाई टिकली. वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, म्हणून कितीतरी कागद अजून बोललेलेच नाहीत. मोडी मागे पडायला पिढ्या लागल्या. आपल्या शीटमधला धागा तुटायला नवा लॅपटॉप घेण्याचा अवकाश पुरतो. म्हणून "माझ्याकडे चालतंय" हे हिशेब पूर्ण झाल्याचं लक्षण नव्हे, ती हिशेबाची अर्धी वाट आहे. उरलेली अर्धी दुसऱ्याच्या टेबलावर पूर्ण होते.

तेव्हा वाचकहो, एक गृहपाठ देते, जुनी सवय! घरातली किंवा मंडळातली सगळ्यात महत्त्वाची शीट कोणती ते ठरवा. ती आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा संगणक असलेल्या कुणाकडे तरी पाठवा. मग फोन करून "उघडली का?" असं विचारू नका. "शिल्लक किती दिसतेय आणि कुठल्या तारखेची?" असं विचारा. दोघांचं उत्तर एक आलं तर उत्तमच. नाही आलं तर मला खाली प्रतिक्रियेत जरूर कळवा. आमच्या घरच्या मंडळींनी थेट फोन करावा, पण दुपारी दोन ते चार सोडून. :)

कळावे, लोभ आहेच.